एकतर्फी

देवगडच्या कोर्टात एकतीस वर्षं बेलिफ होतो.
खांद्याला खाकी पिशवी, पिशवीत समन्स,
आणि समन्सातली ती भाषा
जी मला पाठ होती, समजत नव्हती:
सबब, वादमिळकत, चतुःसीमा,
कसूर केल्यास तुमच्या गैरहजेरीत निकाल होईल.

चिरेबंदरच्या वाडीत जायला तर लागायची.
उतरलो की आधी कुत्री ओळखायची, मग बायका.
मी कुणाच्या दारात थांबतो ते बघत
हातातली बोय अर्धी खवलून तशीच.

जाईबाई तांडेलने अंगठा दिला.
सुकट वाळवायच्या खळ्याचा दावा, वादी सख्खा दीर.
तारीख कधी, म्हणाली.
सोळा, मी म्हटलं.
सोळा म्हणजे तिथ काय?
मी म्हटलं, कोर्टाला तिथी नसते बाई,
अकराला पुकारा होतो.

ती सोळा तारीख चतुर्थी होती.
खाडीवर जन्मलेल्या कुणालाही विचारा,
तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ.
चतुर्थीला तीन. म्हणजे नऊला ठार सुकती.
नऊला तर चिखलात रुतली होती
आणि तरीत जाईबाई,
मांडीवर गाठोडं, गाठोड्यात घरपट्टीच्या पावत्या.

शिपाई रजेवर होता, पुकारा मीच केला.
तीनदा. आवाज खणखणीत होता माझा तेव्हा.
साहेबांनी लिहिलं: एकतर्फी.

पुढे कितीतरी वर्षांनी, जेवता जेवता,
लक्षात आलं
की या शब्दात एक तर आहे.

निवृत्तीनंतर ॲडव्होकेट रुबिना फणसोपकर पडवीत आली,
स्कूटरच्या डिकीत छोटा प्रिंटर.
काका, समन्समधलं लोकांना काय कळत नाही?
मी म्हटलं, तारीख.
ती हसली. मग हसायची थांबली.

आता समन्साला एक पान टाचलेलं असतं,
अक्षर चष्म्याशिवाय दिसेल एवढं:
तुमच्यावर कुणी दावा लावलाय, कशासाठी.
वकील परवडत नसेल तर फुकट मिळतो, हा त्याचा नंबर.
तारीख, वार, तिथी. भरती कधी, सुकती कधी.
येणं जमत नसेल तर शाळेच्या संगणकावरून हजर होता येतं,
गुरव मास्तरांना आदल्या दिवशी सांगा.
तिथीचा रकाना मी भरतो.
पंचांग मांडीवर, मानधन शून्य, चहा दोनदा.

बार रूममध्ये कुणी म्हणालं, आता मासळीचा भावही छापा.
रुबिनाने विचारलं, कुठल्या रकान्यात?
नाझरने दोन महिने फाईल दाबून ठेवली.
मग नव्या न्यायाधीश मॅडम आल्या, माहेर हर्णैचं.
पान उलटसुलट करून म्हणाल्या,
चतुर्थीला नऊला सुकतीच ना?
चिरेबंदरची प्रकरणं दुपारी घ्या.

सगळं सुधारलं असं नाही.
परवा बुधा मेस्त्री भरती साधून वेळेत आला,
समोरचा वकील आला नाही.
पुढची तारीख पडली. एकादशी.
निदान उपास घरीच झाला असता, म्हणाला.

एक पान घेऊन मी जाईबाईकडे गेलो.
तर तीच, इंजिन नवं.
खळ्याच्या जागी दिराच्या मुलाचं होमस्टे,
भिंतीवर रंगवलेला डॉल्फिन.
तिने नातवाकडून पान वाचून घेतलं, दोनदा,
मग घडी घातली, मग उघडली.
इतक्याच होतां? म्हणाली.
मगे तेव्हा कोणाक सुचाक नाय?

मी पाण्याकडे बघितलं.
नवमीचं भांगाचं पाणी,
धड चढत नाही, धड उतरत नाही.
परतीची तर धक्क्याला लागली होती
आणि तरीवाला हाक मारत होता,
माझं पूर्ण नाव घेऊन,
तीनदा.